एका ऑक्सिजनचे अंतर : ॲम्पिसिलिन आणि ॲमॉक्सिसिलिन यांचे तुलनात्मक परीक्षण

ॲम्पिसिलिन आणि ॲमॉक्सिसिलिन ही दोन नावे कानाला इतकी जवळची वाटतात की ती एकाच औषधाची जुनी आणि नवी नावे असावीत, असा अनेकांचा समज असतो. औषधे देण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि या काळात ‘दोन्ही एकच ना?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला. रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ॲम्पिसिलिनचा रेणुभार सुमारे ३४९ आहे आणि ॲमॉक्सिसिलिनचा सुमारे ३६५. फरक १६ चा, म्हणजे नेमका ऑक्सिजनच्या एका अणूचा. रेणूच्या टोकाला असलेल्या बेंझिनच्या कड्यावर एका जागी नुसत्या हायड्रोजनऐवजी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी बसली की ॲम्पिसिलिनचे ॲमॉक्सिसिलिन होते. बाकी सारा रेणू जसाच्या तसा राहतो. तरीही ही दोन औषधे मी एकमेकांच्या जागी कधीही देणार नाही, आणि त्याची कारणे सांगण्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. जीवाणूपाशी पोहोचल्यावर दोन्ही औषधे जवळजवळ सारखेच काम करतात. खरा फरक आहे तो तोंडापासून जीवाणूपर्यंतच्या वाटेत. म्हणून तोंडाने घ्यायचे असेल तर ॲमॉक्सिसिलिन सरस, आणि शिरेतून द्यायचे असेल तर ॲम्पिसिलिनचे स्थान आजही भक्कम आहे. कोणत्या रुग्णाला काय द्यायचे हा निर्णय अर्थातच त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. मी येथे औषधांचे गुणदोष तपासत आहे, आजार नव्हे.

दोघांचा वंश एकच. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीच्या भोवतालचे जीवाणू विरघळून गेलेले दिसले आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बुरशीच्या रसातून रुग्णाला देता येईल असे औषध काढले. या मूळ औषधात, म्हणजे पेनिसिलिन-जी मध्ये, दोन उणिवा होत्या. पोटात गेल्यावर जठरातील आम्ल त्याचा बराचसा भाग मोडून टाकत असे, त्यामुळे सुई टाळता येत नव्हती. आणि ज्या जीवाणूंना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो त्या ग्रॅम-ऋण जीवाणूंपैकी बहुतेकांवर त्याचा फारसा प्रभाव पडत नव्हता. १९५० च्या दशकात आलेल्या पेनिसिलिन-व्ही ने पहिली उणीव दूर केली, दुसरी तशीच राहिली. १९५७ साली इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा गाभा, म्हणजे सहा-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, वेगळा काढण्यात यश आले आणि मग त्या गाभ्याला हवी ती शेपटी जोडून नवनवी पेनिसिलिने घडवण्याचा रस्ता खुला झाला. त्या रस्त्यावरून १९६१ मध्ये ॲम्पिसिलिन आले आणि १९७२ मध्ये ॲमॉक्सिसिलिन. पहिल्याने दोन्ही उणिवा बऱ्याच अंशी दूर केल्या. दुसऱ्याने पहिल्यात राहिलेली एक उणीव दूर केली. ती उणीव कोणती, याकडे वळण्यापूर्वी दोघांचे समान काम नीट पाहायला हवे, कारण ते मला आजही तितकेच विलक्षण वाटते.

जीवाणूच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक दाब असतो. पातळ आवरणाच्या भरवशावर तो राहिला तर पाणी आत शिरून फुगेल आणि फुटेल. हा दाब पेलण्यासाठी त्याने स्वतःभोवती एक जाळी विणलेली असते, तिला पेशीभित्ती म्हणतात. साखरेच्या रेणूंचे लांब धागे आणि त्या धाग्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दोर, अशी या जाळीची वीण आहे. प्रत्येक दोर विणायला येतो तेव्हा त्याच्या शेवटी डी-ॲलानिन नावाच्या अमिनो आम्लाचे दोन मणी असतात. जाळी विणणारे एन्झाइम शेवटचा मणी तोडते आणि त्या तुटलेल्या टोकाला शेजारच्या धाग्याचा दोर जोडून गाठ मारते. जीवाणू वाढत असतो तेव्हा अशा गाठी अखंड मारल्या जात असतात, आणि त्याच वेळी जुनी वीण जागोजागी उसवलीही जात असते, कारण उसवल्याशिवाय जाळी मोठी होऊ शकत नाही.

पेनिसिलिनचा रेणू या एन्झाइमला फसवतो. त्याची ठेवण त्या दोन मण्यांसारखी दिसते, असा विचार डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रोमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडला आणि तो आजही स्वीकारला जातो. रेणूच्या मध्यभागी चार अणूंचे एक चौकोनी कडे आहे, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. चार अणूंना इतक्या छोट्या चौकोनात बसवले की बंधांवर ताण येतो आणि ते कडे उघडण्याच्या बेतातच असते. हे कडे खरोखर तसे आहे याविषयी रसायनशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद होता. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९४५ मध्ये रेणूची रचना उलगडली तेव्हा तो मिटला. एन्झाइम शेवटचा मणी समजून या कड्यावर हल्ला करते, कडे उघडते आणि औषधाचा रेणू एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागी घट्ट चिकटून बसतो. खऱ्या दोराच्या बाबतीत एन्झाइम क्षणात मोकळे होऊन पुढच्या गाठीकडे वळते; येथे मात्र ते तासन् तास अडकून पडते. गाठी मारणे थांबते, उसवणे सुरूच राहते, जाळी जागोजागी विरते आणि अखेरीस आतल्या दाबाने जीवाणू फुटतो.

या एका यंत्रणेतून व्यवहारातल्या कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. माणसाच्या पेशींना अशी भित्ती नसते, म्हणून त्यांच्यावर औषधाचा थेट मारा होत नाही आणि मोठी मात्राही शरीर सहसा सहन करते. विषाणूंना पेशीभित्तीच नाही, म्हणून सर्दी किंवा फ्लूमध्ये ही दोन्ही औषधे निरुपयोगी आहेत. मायकोप्लाझ्मा हे जीवाणू असूनही भित्तीवाचून जगतात, त्यामुळे त्यांच्यामुळे झालेल्या न्यूमोनियात ही औषधे कितीही दिवस घेतली तरी उपयोग होत नाही. आणि जो जीवाणू वाढतच नाही, निपचित पडून आहे, त्याची वीण उसवली जात नसल्याने तोही मरत नाही. मला औषधशास्त्रातील फार थोड्या यंत्रणा इतक्या स्वच्छ वाटतात.

आता ग्रॅम-ऋण जीवाणूंचा प्रश्न. त्यांच्या जाळीच्या बाहेर आणखी एक तेलकट पापुद्रा असतो आणि त्यात पाण्याने भरलेली अरुंद छिद्रे असतात. मूळ पेनिसिलिन या छिद्रांतून सहजी आत जात नाही. ॲम्पिसिलिनच्या शेपटीला नायट्रोजनचा एक अमिनो गट जोडला आणि त्या गटावरच्या विद्युतभारामुळे छिद्रांतून आत शिरणे पुष्कळ सोपे झाले. त्यामुळे ई. कोलाय, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, साल्मोनेला यांच्यातील संवेदनशील वाण प्रथमच पेनिसिलिनच्या आवाक्यात आले. ॲमॉक्सिसिलिनमध्येही हाच अमिनो गट त्याच जागी आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत जीवाणूवर दोन्ही औषधे टाकून पाहिली तर बहुतेक ठिकाणी निकाल सारखेच येतात, इतके की अनेक प्रयोगशाळा ॲम्पिसिलिनची चकती वापरून तपासणी करतात आणि त्या निकालावरून ॲमॉक्सिसिलिनचाही अंदाज बांधतात. लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीच्या अहवालात ॲम्पिसिलिन लिहिलेले आणि चिठ्ठीवर ॲमॉक्सिसिलिन असे पाहून गोंधळलेले अनेक रुग्ण मी पाहिले आहेत. त्यात विसंगती काही नाही. जीवाणूच्या दारात दोघांची ओळख एकच आहे.

वाट मात्र वेगळी आहे. दोन्ही औषधे जठराम्लाला तोंड देऊ शकतात, त्यामुळे दोन्हींच्या कॅप्सूल निघाल्या. पण आम्लातून वाचणे आणि आतड्यातून रक्तात शिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपाशीपोटी घेतलेल्या ॲम्पिसिलिनचा साधारण ३० ते ५५ टक्के भाग रक्तात पोहोचतो, आणि पोटात अन्न असेल तर तोही घटतो. ॲमॉक्सिसिलिनचा ७५ ते ९० टक्के भाग शोषला जातो आणि जेवणाने त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आकडे रक्तात मोजले तर अंतर आणखी ठळक होते. ५०० मिलिग्रॅम ॲम्पिसिलिन घेतल्यावर रक्तातील सर्वोच्च पातळी एका मिलिलिटरमागे सुमारे ३ मायक्रोग्रॅम येते. तेवढ्याच ॲमॉक्सिसिलिनने ती ५.५ ते ७.५ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. कॅप्सूलवर लिहिलेला आकडा तोच, गिळण्याचे कष्ट तेच, पण रक्तात मिळणारे औषध सुमारे दुप्पट. हा सारा त्या एका ऑक्सिजनचा परिणाम.

ही उणीव औषध घडवणाऱ्यांच्याही लक्षात होती. ॲमॉक्सिसिलिनखेरीज दुसरा मार्गही त्यांनी चोखाळला होता: ॲम्पिसिलिनच्या रेणूवर एस्टरचे, म्हणजे सहज सुटणाऱ्या एका रासायनिक जोडाचे, आवरण चढवायचे, ते आतड्यातून सहज पार होऊ द्यायचे आणि मग शरीराने ते आवरण काढून टाकायचे. पिव्हॅम्पिसिलिन आणि बॅकॅम्पिसिलिन ही या मार्गाने आलेली औषधे. शोषण खरोखर सुधारले, परंतु पिव्हॅम्पिसिलिनचे आवरण निघाल्यावर जे आम्ल उरते ते शरीरातील कार्निटिन, म्हणजे चरबीपासून ऊर्जा मिळवायला लागणारा पदार्थ, सोबत घेऊन बाहेर जाते, हा नवा दोष निघाला. त्यापेक्षा रेणूलाच एक अणू जोडून प्रश्न सोडवणारे ॲमॉक्सिसिलिन मला कितीतरी सुबक वाटते, आणि वापराच्या इतिहासानेही त्याच्याच बाजूने कौल दिला आहे.

शोषणातील हा फरक नुसता कागदावरचा नाही, हे मी जवळून पाहिले आहे. एका तरुणाला त्वचेच्या संसर्गासाठी ॲम्पिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या गेल्या होत्या. पाकिटावर दिवसातून चार वेळा एवढेच लिहिलेले होते. उपाशीपोटी हा शब्द कोठेही नव्हता. त्याने चारही वेळा काही ना काही खाऊनच कॅप्सूल घेतल्या, कारण पोट बिघडू नये म्हणून औषध नेहमी खाऊन घ्यावे असेच त्याला घरी शिकवले होते. पाच दिवसांनी तो माझ्याकडे आला तेव्हा संसर्ग आटोक्यात आलेला नव्हता. त्याचे कारण केवळ जेवण होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्वचेच्या संसर्गात औषधाला न जुमानणारे जीवाणू सर्रास आढळतात. पण ज्या औषधाचे शोषण मुळातच अर्धवट आहे त्याच्यावर जेवणाचा अडथळा आणखी घालू देणे हा निष्काळजीपणाच आहे. ॲम्पिसिलिन तोंडाने द्यायचे झाल्यास जेवणाआधी किमान अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर घ्या, हे वाक्य पाकिटावर असायलाच हवे.

शोषले न गेलेले ॲम्पिसिलिन नाहीसे होत नाही. ते आतड्यात पुढे सरकत राहते आणि तेथील उपकारक जीवाणूंची नासधूस करते. ॲम्पिसिलिनच्या कॅप्सूलने जुलाब होण्याचे प्रमाण ॲमॉक्सिसिलिनपेक्षा अधिक असते त्याचे हे एक प्रमुख कारण. मात्र येथेच या परीक्षणातला एक उलटा मुद्दाही नोंदवला पाहिजे. शिगेला जीवाणूमुळे होणाऱ्या रक्ती आवेवर ॲम्पिसिलिन उपयोगी ठरत असे आणि ॲमॉक्सिसिलिन मात्र तितके उपयोगी ठरले नाही. ज्या गुणामुळे ॲमॉक्सिसिलिन अन्यत्र सरस ठरते तोच येथे त्याच्या आड आला. आज शिगेलाच्या अनेक वाणांनी ॲम्पिसिलिनलाही दाद देणे सोडले आहे, त्यामुळे या मुद्द्याचे व्यावहारिक महत्त्व उतरले आहे. तरी चांगले शोषण म्हणजे सर्वत्र चांगले औषध, हे समीकरण बरोबर नाही हे त्यातून कळते.

दिवसातून किती वेळा घ्यायचे, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर मूत्रपिंडात आहे. दोन्ही औषधांचे रक्तातील अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, निरोगी प्रौढ माणसात सुमारे एक तास, फार तर दीड तास आहे. मूत्रपिंडे त्यांना केवळ गाळत नाहीत, तर नलिकांच्या भिंतींमधून पंपाने उपसल्यासारखी लघवीत टाकतात. घेतलेल्या ॲमॉक्सिसिलिनचा सुमारे ६० टक्के भाग सहा ते आठ तासांत न बदलता लघवीवाटे निघून जातो. १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन दिले तेव्हा औषध इतके दुर्मीळ होते की त्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा त्यालाच द्यावे लागले होते. शरीर हे औषध किती वेगाने बाहेर टाकते याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. मूत्रपिंडातील हा उपसा थांबवणारे प्रोबेनेसिड सोबत दिले तर औषध रक्तात अधिक काळ राहते. मूत्रपिंडेच दुर्बल असतील तर ते आपोआपच साचते आणि म्हणून अशा रुग्णांत मात्रा कमी करावी लागते किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवावे लागते.

पेनिसिलिन गटाची औषधे जीवाणू मारतात ती पातळी किती उंच गेली यावर नव्हे, तर ती जीवाणूला रोखण्याइतकी किती वेळ टिकली यावर. गाठी मारणारे एन्झाइम सतत नवे तयार होत असते. औषध संपले की नवे एन्झाइम पुन्हा विणकामाला लागते. म्हणून दोन मात्रांमधल्या काळापैकी साधारण निम्मा काळ तरी पातळी आवश्यक रेषेच्या वर राहावी, असा ठोकताळा आहे. ॲम्पिसिलिनची पातळी आधीच कमी, त्यामुळे ते दर सहा तासांनी घ्यावे लागते. ॲमॉक्सिसिलिनची सुरुवातच वरून होत असल्याने ते रेषेच्या खाली यायला अधिक वेळ लागतो आणि दर आठ तासांनी, मात्रा मोठी असल्यास दर बारा तासांनी घेतले तरी चालते. चार वेळा उपाशीपोटी आणि तीन किंवा दोन वेळा केव्हाही, या दोहोंतला फरक ज्याने आजारी मूल सांभाळले आहे त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मध्यरात्री उठवून द्यायची मात्रा चुकते, सकाळची न्याहारी आधी होते, शाळेतली मात्रा राहून जाते. कागदावर जे औषध चार वेळांचे आहे ते प्रत्यक्षात अनेकदा तीन वेळांचेच होते, आणि चुकलेल्या मात्रेचा काळ जीवाणूच्या पथ्यावर पडतो. मी ॲमॉक्सिसिलिनला तोंडाने घेण्याच्या बाबतीत निःसंशय वरचा क्रमांक देतो तो मुख्यतः याच कारणाने. कानाच्या मधल्या भागाचा संसर्ग, सायनसचा संसर्ग, घशातील स्ट्रेप्टोकॉकस, काही प्रकारचे न्यूमोनिया आणि जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी यांच्या उपचारांत त्याने मिळवलेले स्थान त्याने कमावलेले आहे.

शिरेतून औषध द्यायचे म्हटले की हा सारा हिशेब गळून पडतो, कारण आतड्याची वाटच टळते. तेथे ॲम्पिसिलिनच्या शोषणाची उणीव उरतच नाही, आणि मग मागे राहते ते त्याचे मूळचे काम. लिस्टेरिया जीवाणूमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह हा त्याचा खास प्रांत. एरवी प्रभावी असलेली सेफॅलोस्पोरिने, म्हणजे पेनिसिलिनच्या नात्यातील दुसऱ्या गटाची प्रतिजैविके, या जीवाणूपुढे निष्प्रभ ठरतात. संवेदनशील एन्टेरोकॉकस जीवाणूमुळे हृदयाच्या झडपांना झालेल्या संसर्गात ॲम्पिसिलिन दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीने देतात. नवजात बालकाच्या रक्तात संसर्ग पसरल्याची शंका आली तर ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी अनेक दशके पहिल्या रांगेत आहे. काही देशांत शिरेतून देण्याचे ॲमॉक्सिसिलिनही वापरात आहे आणि ते वाईट नाही. परंतु वरच्या आजारांत ॲम्पिसिलिनच्या पाठीशी अनुभवाचा जो साठा आहे तो पाहता त्याला जुने म्हणून बाजूला सारण्याचे काही कारण मला दिसत नाही. एक सूचना मात्र परिचारिकांना ठाऊक असते आणि इतरांनीही जाणावी: कुपीतील पावडर पाण्यात विरघळवली की ॲम्पिसिलिन फार काळ टिकत नाही, एका तासाच्या आत ते द्यावे लागते, आणि ग्लुकोजच्या सलाइनमध्ये तर ते आणखी लवकर बिघडते.

औषधाला न जुमानण्याच्या बाबतीत दोघांचे नशीब सारखेच आहे. ज्या चौकोनी कड्याच्या जोरावर ही औषधे काम करतात तेच कडे आधीच फोडून टाकणारे बीटा-लॅक्टमेज नावाचे एन्झाइम पुष्कळ जीवाणू तयार करतात. ॲम्पिसिलिन बाजारात येऊन काही वर्षे होतात न होतात तोच, १९६० च्या दशकातच, अथेन्समधील एका रुग्णाच्या ई. कोलायमध्ये असे एक एन्झाइम सापडले आणि त्याचे जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकत असल्याने ते जगभर पसरले. स्टॅफिलोकॉकसचे बहुतेक वाण तर त्याआधीच पेनिसिलिन फोडायला शिकले होते. ॲमॉक्सिसिलिनमधील जास्तीचा ऑक्सिजन येथे काहीच संरक्षण देत नाही. उपाय म्हणून एन्झाइमला गुंतवून ठेवणारा सोबती शोधला गेला: ॲमॉक्सिसिलिनला क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड मिळाली आणि ते मिश्रण १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले, ॲम्पिसिलिनला मुख्यतः सुईवाटे सलबॅक्टमची जोड मिळाली. ही जोड-औषधे उत्तम आहेत, परंतु गरज नसताना ती देण्याची सवय मला खटकते. घशातील गट-अ स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिन फोडणारे एन्झाइम तयारच करत नाही. तेथे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची भर घालून मिळतात ते फक्त जास्तीचे जुलाब. साधे ॲमॉक्सिसिलिन पुरेसे असेल तेथे साधेच द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिजैविकांच्या वर्गवारीतही ही दोन्ही औषधे सहज उपलब्ध असावीत आणि आधी वापरावीत अशा गटात आहेत.

दुष्परिणामांपैकी पुरळाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण त्यावरून जितका गैरसमज होतो तितका दुसऱ्या कशावरून होत नाही. दोन्ही औषधांनी होणारे पुरळ दोन तऱ्हांचे असते. एक लगेच, मिनिटांत किंवा तासाभरात उठणारे, खाजणाऱ्या गांध्यांचे, ज्याच्यासोबत ओठ सुजणे, धाप लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे असू शकतात. ही खरी आणि धोकादायक ॲलर्जी, आणि अशा वेळी एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तिचे मूळही त्याच ताणलेल्या कड्यात आहे: कडे जीवाणूच्या एन्झाइमवर उघडते तसेच ते आपल्या रक्तातील प्रथिनांवरही उघडून चिकटते आणि काहींची प्रतिकारशक्ती त्या जोडलेल्या प्रथिनाला परके समजते. दुसरे पुरळ अनेक दिवसांनी उठणारे, सपाट लालसर ठिपक्यांचे, बहुधा निरुपद्रवी. अमिनो गट असलेल्या या दोन पेनिसिलिनांत ते इतर पेनिसिलिनांपेक्षा अधिक दिसते. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे घसा दुखून ग्रंथी सुजतात त्या आजारात ही औषधे दिली तर ते फारच मोठ्या प्रमाणात उठते. घसा पाहून, तपासणी न करता ॲमॉक्सिसिलिन लिहून देण्याविरुद्धचा हा एक भक्कम युक्तिवाद आहे. संधिवातासारख्या गाउट या विकारात घेतल्या जाणाऱ्या ॲलोप्युरिनॉलसोबत ॲम्पिसिलिन घेतल्यासही पुरळाचे प्रमाण वाढते.

या दुसऱ्या पुरळावरून लहानपणीच ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का बसलेली असंख्य माणसे आहेत. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या कागदपत्रांवर हा शिक्का तीस वर्षे होता आणि त्यापायी प्रत्येक संसर्गात त्यांना अधिक तीव्र, अधिक व्यापक औषधे घ्यावी लागली. अखेर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांची तपासणी झाली, ॲमॉक्सिसिलिनची मात्रा देऊन पाहिली गेली आणि काहीही झाले नाही. शिक्का असलेल्यांची अशी रीतसर तपासणी केली तर दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना पेनिसिलिन चालते, असे वारंवार दिसून आले आहे. घरच्या घरी हा प्रयोग मात्र कोणीही करू नये. आणि ज्यांना यांपैकी एका औषधाची खरी ॲलर्जी आहे त्यांनी दुसऱ्यालाही हात लावू नये. एक ऑक्सिजन येथे ढाल बनत नाही. इतकेच नव्हे, तर सेफॅलोस्पोरिन गटातील सेफॅलेक्सिनची शेपटी ॲम्पिसिलिनसारखी आणि सेफॅड्रॉक्सिलची ॲमॉक्सिसिलिनसारखी असल्याने त्या औषधांबाबतही डॉक्टरांना आधी सांगावे.

ॲम्पिसिलिनच्या कॅप्सूलबद्दल माझे मत आता उघड आहे. ॲमॉक्सिसिलिन मिळत असताना तोंडाने घेण्यासाठी ॲम्पिसिलिन निवडण्याचे कारण मला क्वचितच सापडते. ॲमॉक्सिसिलिनच्या बाबतीत माझी एकच तक्रार आहे आणि ती औषधाबद्दल नसून ते वापरण्याच्या रीतीबद्दल आहे. लहान मुलांसाठी ते कोरड्या पावडरीच्या रूपात बाटलीत येते, कारण पाण्यात बीटा-लॅक्टमचे कडे हळूहळू आपोआपच उघडू लागते. उकळून थंड केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत दोन टप्प्यांत घालून चांगले हलवायचे, शक्यतो थंड जागी ठेवायचे, प्रत्येक मात्रेआधी पुन्हा हलवायचे, कारण औषध तळाशी बसते, आणि सोबतच्या मापानेच द्यायचे. घरातल्या चमच्यांची मापे सारखी नसतात. बाटलीत किती दिवस टिकेल ते लेबलवर लिहिलेले असते, बहुधा सात किंवा चौदा दिवस; पाणी घातल्याची तारीख मी स्वतः पेनाने बाटलीवर लिहून देतो, आणि मुदतीनंतर उरलेले औषध पुढच्या तापासाठी जपून न ठेवता परत आणून द्यायला सांगतो.